सुया मोजा, मग बोला!

बालमित्रांनो, गेल्या डिसेंबरात आमच्या चौथीच्या वर्गाची सहल गुहागरला गेली होती. एसटीतून उतरल्या उतरल्या सगळी पोरं समुद्राकडे पळाली. एकटा एक जण मात्र किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात मान वर करून उभा. मला म्हणतो, "बाई, हे बघा, पाइनचं जंगल! सिनेमात असतं ना, तस्संच!"

मी म्हटलं, "अरे, हा सुरू आहे. पाइन नव्हे."

"पण बाई, पानं सुईसारखी आहेत की!"

आता आली का पंचाईत? नुसतं "नाही" म्हणून चौथीतलं पोरगं गप्प बसत नाही, आणि बसूही नये. मग सगळ्यांना वाळूत गोल बसवलं आणि प्रत्येकाच्या हातात सुरूची एकेक "सुई" दिली. म्हटलं, दोन्ही टोकं धरून हळूच ओढा. टक्! सुई मधूनच सुटली. पुन्हा त्याच जागी टेकवली तर बसली. पुन्हा ओढली, दुसऱ्याच ठिकाणी सुटली. मग काय, "कुठं तोडलं ओळख" हा खेळच सुरू झाला. समुद्र राहिला बाजूला.

गंमत अशी की सुरूची ही पानं म्हणजे पानंच नव्हेत. त्या हिरव्या, बारीक, सांधे असलेल्या काड्या आहेत. खरी पानं त्या सांध्यांवर असतात, इवल्याशा दातांसारखी, एका सांध्यावर सहा ते आठ. भिंगातून पाहिलं तरच दिसतात. पाइनच्या सुईला असा सांधा नसतो. ती अख्खी सुई म्हणजे एक पान. तेव्हा पहिली परीक्षा ही. सुई ओढली आणि सांध्यावर सुटली, तर तो पाइन नाही.

मुंबई-पुण्याच्या रोपवाटिकांत "ख्रिसमस ट्री" म्हणून मिळतं तेही बहुतेक वेळा पाइन नसतं बरं का. ते असतं अरोकेरिया, प्रशांत महासागरातल्या बेटांवरचं झाड. त्याच्या फांद्या छत्रीच्या काड्यांसारख्या एकाच उंचीवरून चहूकडे फुटतात.

"मग खरा पाइन कसा असतो बाई? तुम्ही पाहिलाय?"

पाहिलाय. नुसता पाहिलाच नाही, मी एक मारलाही आहे. ती गोष्ट मुलांना त्या वाळूतच सांगितली, आता तुम्हालाही सांगते.

हिरवं, पण मेलेलं

आपल्या महाराष्ट्रात रानात आपोआप उगवणारा पाइन एकही नाही. महाराष्ट्रातच कशाला, सगळ्या दक्षिण भारतात नाही. कोडाईकनालला पाइनचं मोठं बन आहे, पण ते माणसांनी लावलेलं. पश्चिम घाटात सूचिपर्णींचा भाऊबंद म्हणावा असं एकच झाड मूळचं आहे, नागिया नावाचं. तेही केरळ-तमिळनाडूकडच्या जंगलात, आणि त्याची पानं चक्क रुंद असतात! पाइन पाहायचा तर हिमालय गाठायला हवा, नाहीतर ईशान्येकडचे डोंगर.

तर दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही घरची मंडळी कुमाऊँला गेलो होतो. कौसानीच्या वाटेवर दोन्ही अंगाला पाइनच पाइन. गाडीवाल्याला विचारलं, "भय्या, हे कुठलं झाड?" तो म्हणाला, "चीड." माझी भाची खो-खो हसायला लागली, "आत्या, झाडाला चीड येते?" तर हो, त्या झाडाचं नावच चीड. आपल्याला येते ती चीड वेगळी. बुंध्यांवर माशाच्या काट्यासारख्या खाचा पाडून खाली कोन टांगलेले होते. त्यात चिकट राळ गोळा होते. त्याच राळेपासून टर्पेंटाइन काढतात. जमिनीवर वाळक्या सुयांची ही एवढी गादी. तिला तिथले लोक पिरूल म्हणतात. चालताना पाय सर्रकन घसरतो, आणि उन्हाळ्यात ती पेटली की वणवा डोंगरभर पसरतो.

तिथंच रस्त्याच्या कडेला मला वीतभर उंचीचं एक रोप दिसलं. निळसर हिरवं, मऊ, इतकं गोजिरवाणं! त्याआधी काही महिने पुण्यात एका प्रदर्शनात मी पाइनचं बोन्साय पाहिलं होतं, आणि तेव्हापासून डोक्यात तेच. बोन्साय म्हणजे ताटलीत वाढवलेलं झाड. 'बोन' म्हणजे ताटली, 'साय' म्हणजे लावणं. मला वाटलं, हे रोप नेलं की झालंच आपलं बोन्साय. कुणाला न विचारता वाकले आणि ओढलं. खालचं मूळ बोटभर जाड होतं आणि फार खोल गेलेलं. ते कट्कन तुटलं. उरलेलं मी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलं, रेल्वेच्या तीन दिवसांत चार वेळा पाणी शिंपडलं आणि साताऱ्याला आणलं.

शाळेत केवढं कौतुक झालं त्याचं! मुलांनी पाणी घालायच्या पाळ्या लावल्या. तीन आठवडे रोप हिरवंगार. चौथ्या आठवड्यात सुया पिवळ्या पडल्या आणि मग तपकिरी. हलवून पाहिलं तर नवं मूळ एकही नाही. पाइनसारख्या झाडांचं असंच असतं. झाड मरतं आधी, हिरवा रंग जातो नंतर. म्हणजे तीन आठवडे आम्ही मेलेल्या झाडाला पाणी घालत होतो.

त्या पाळ्यांमधली एक मुलगी रडायलाच लागली. "माझ्या दिवशी पाणी कमी पडलं का हो बाई?" तिला काय सांगू? पाणी कमी पडलं नव्हतं. पाइनची मुळं मातीतल्या बुरशीशी भागीदारी करून जगतात. बुरशी त्यांना पाणी आणि क्षार आणून देते, झाड तिला साखर देतं. मी मूळ तोडलं, माती झटकली, म्हणजे ती भागीदारीच मोडली. शिवाय ते सगळं भर मे महिन्यात, ऐन उन्हात. ते रोप कौसानीतच मेलं होतं. आणि १९२७ च्या भारतीय वन कायद्याप्रमाणे राखीव जंगलातून रोप उपटून नेणं हा गुन्हा आहे, हे बाईंना नंतर कळलं. आधी माहीत असायला हवं होतं.

भाकरीचे तुकडे

आता ओळख करून घेऊ. पाइनच्या सुया फांदीवर एकेकट्या येत नाहीत, जुडग्यांनी येतात. एका जुडग्यात किती सुया, हे मोजायचं. बस, अर्धं काम झालं.

कोवळ्या रोपावर मात्र हे मोजू नका. बाळपणी पाइनला एकेकटीच सुई येते, म्हणून तर मला ते रोप एवढं निराळं वाटलं होतं. जुडगी नंतर फुटतात.

हे जुडगं मोठं मजेशीर असतं. सगळ्या सुया एकत्र मिटल्या की एक गोल काडी तयार होते. गोल भाकरीचे सारखे तुकडे करावेत ना, तशा त्या सुया असतात. दोन सुयांचं जुडगं असेल तर प्रत्येक सुई आडवी कापल्यावर अर्ध्या भाकरीसारखी दिसते. तीन असतील तर तिकोनी तुकडा. पाच असतील तर अगदी निमुळता. डोळे मिटून सुई दोन बोटांत फिरवली तरी कडा लागतात.

पाच सुया दिसल्या, त्या वीतभर लांब आणि खाली लोंबत असल्या, तर तो कैल. शिमला-मनालीकडे गेलात तर हा नक्की भेटेल. याची फळं म्हणजे शंकू लांबलचक, केळ्यासारखे, आणि बरेचदा राळेने चिकट झालेले.

तीन सुया असतील तर थांबा, घाई नको. तीन सुयांचे तिघं आहेत. सुई २०-३० सेंटिमीटर लांब, म्हणजे तुमच्या पट्टीएवढी, आणि शंकू जड, लाकडी, खवल्यांची टोकं मागे वळलेली, तर तो चीड. हा हिमालयात खालच्या अंगाला असतो, साधारण ५०० ते २००० मीटर उंचीवर. सुया तीनच, पण नाजूक आणि शंकू लहान, झाड मेघालयातलं, तर तो खासी पाइन. शिलाँगला जाल तेव्हा बघा.

आणि सुया तीनच पण आखूड, ६ ते १० सेंटिमीटर, ताठ, आणि बुंधा पाहिला तर साल पापुद्र्यांनी सुटून राखाडी, हिरवट, पांढुरके ठिपके पडलेले, सैनिकाच्या गणवेशासारखे, तर नमस्कार करा. तो चिलगोजा. आपल्याकडे तो मुख्यतः हिमाचलच्या किन्नौरमध्ये, कोरड्या, थंड, दगडी उतारांवर उगवतो.

दोन सुयांचा मेर्कुस पाइन अरुणाचलच्या पूर्व टोकाला आहे. तिथवर तुमच्यापैकी कुणी गेलंच तर मला पत्र लिहा.

देवदार पाहून फसू नका. त्याच्या सुया आखूड आणि वीस-तीसच्या झुपक्यात असतात, फुलासारख्या. स्प्रूस आणि फर या झाडांच्या सुया एकेकट्या. स्प्रूसची चौकोनी, बोटांत गरागरा फिरते. फरची चपटी, फिरत नाही. ही तिन्ही झाडं पाइनची चुलत भावंडं, पण पाइन नव्हेत. मोजण्यासाठी झाड ओरबाडायची गरज नाही, खाली पडलेली जुडगी हजारोंनी सापडतात.

प्रगतिपुस्तक

आता मुद्द्याचं. यातलं कुठलं झाड बोन्सायला चालेल?

बोन्साय करणारा माणूस झाडाकडे पाहतो तो असा. आधी पानाची लांबी. झाड हातभर आणि पान फूटभर असेल तर ते झाड न दिसता केरसुणी दिसते. मग बुंधा. तळाशी जाड आणि वर निमुळता होत गेलेला हवा, मुळं जमिनीवर चहूकडे पसरलेली हवीत, म्हणजे लहान झाडही म्हातारं वाटतं. खालच्या अंगाला फांद्या आहेत का? छाटलं तर जुन्या लाकडातून नवी पालवी फुटते का? आणि शेवटचा प्रश्न, जो माझ्यासारखे उत्साही लोक विचारतच नाहीत: हे झाड माझ्या गावच्या हवेत जगेल का?

मी या सगळ्यांचं प्रगतिपुस्तकच केलं. शिक्षिकेचा हात, दुसरं काय!

चीड पानाच्या लांबीत सपशेल नापास. सुया थोड्याफार आखूड करता येतात, पण थोड्याफारच. मात्र एका विषयात त्याला पैकीच्या पैकी. बहुतेक पाइनची फांदी सुया नाहीत तिथं छाटली की वाळते. चिडाचं तसं नाही. वणव्यात होरपळल्यावरही त्याच्या बुंध्यातून पुन्हा कोंब फुटू शकतात. पिढ्यान् पिढ्या आगीच्या शेजारात राहून अंगी आलेला गुण हा. ऊनही तो बाकीच्यांपेक्षा जास्त सोसतो. माझ्या मते तो काठावर पास. त्याचं बोन्साय करायचं तर लहान न करता जरा मोठंच करावं, म्हणजे सुया शोभतील.

कैलचं थोडक्यात सांगते. सुया लोंबत्या, फांद्या लांब लांब अंतरावर, आणि थंडी हवीच. सातारा-सांगलीच्या उन्हाळ्यात त्याला आणणं म्हणजे छळ. जपानी लोक बोन्सायला पाच सुयांचाच एक पाइन आवडीने घेतात, तो कैलचा नातलग. पण त्याच्या सुया बोटाएवढ्याच असतात. नातं असून उपयोग काय!

आणि चिलगोजा? पान आखूड, साल देखणी, वाढ अगदी सावकाश, बुंधे वाकडेतिकडे. दिसण्यात पहिला नंबर याचाच. मीही कागदावर गुण मांडले तेव्हा हाच पहिला आला.

पण या झाडाची गोष्ट वेगळी आहे. याच्या शंकूत खाण्याच्या बिया असतात, त्याच सुकामेव्याच्या दुकानात महाग मिळणारा चिलगोजा. किन्नौरच्या लोकांना त्यातून चार पैसे मिळतात. शंकू उमलण्याआधीच काठीला कोयता बांधून तोडले जातात. मग जमिनीवर बी पडणार किती? जे पडतं ते पक्षी आणि उंदीर खातात, रोप उगवलंच तर शेळ्यामेंढ्या खातात. म्हातारी झाडं आहेत, पण पोरंबाळं फार थोडी. जगभरातल्या धोक्यातल्या जातींची जी यादी असते, तिच्यात चिलगोज्याची नोंद संकटाच्या उंबरठ्यावरची जात म्हणून आहे. शंभर वर्षांचं खुजं, वाकडं झाड खडकातून काढून ताटलीत बसवलं, तर दिसेल सुंदर. पण तिथली जागा रिकामी होईल, आणि ते जगण्याची आशा कमीच. माझं वीतभर रोप जगलं नाही, तर ते कुठलं जगायला! जपानमध्ये डोंगरातली अशी झाडं काढून आणायची जुनी पद्धत आहे. तिला यामादोरी म्हणतात. ते काम जाणती माणसं परवानगीने, योग्य ऋतूत, मुळांभोवतीच्या मातीसकट करतात, आणि तरीही काही झाडं मरतात. म्हणून चिलगोज्याच्या नावापुढे मी एकच शेरा लिहिला: हात लावू नये.

आमच्या वर्गातल्या एकाने ही गोष्ट ऐकून घरातले चार चिलगोजे कुंडीत पेरले. रोज पाणी. महिनाभराने माझ्याकडे तक्रार. मी विचारलं, "कुठून आणलेस?" "दुकानातून. खारे होते." भाजलेलं बी उगवत नाही रे राजा!

तीन किलोमीटरवरचा पाइन

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, मग बोन्साय करूच नये का? एका मुलीने तर मला सरळच विचारलं, "बाई, झाडाला खुजं करणं म्हणजे त्याला उपाशी ठेवणं ना?" तसं नाही. बोन्सायला खत-पाणी वेळेवर द्यावंच लागतं. मुळं आणि शेंडे छाटून त्याला लहान ठेवतात, भुकेने नाही. नीट सांभाळलं तर ते माणसाच्या कितीतरी पिढ्या पाहतं.

याचं एक उदाहरण सांगते. जपानमध्ये हिरोशिमा शहरात मासारू यामाकी नावाचे बोन्साय करणारे गृहस्थ होते. त्यांच्या घराण्यात १६२५ पासून जोपासलेला एक पाइन होता, पाच सुयांचाच. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर अणुबाँब पडला, तो त्यांच्या घरापासून साधारण तीन किलोमीटरवर. घराच्या काचा फुटल्या, पण माणसं वाचली. बागेभोवती उंच भिंत होती, तिच्यामागे हा पाइनही वाचला. १९७६ साली जपानने अमेरिकेला बोन्साय झाडं भेट दिली, त्यात यामाकींनी हा पाइन दिला. ज्या देशाने बाँब टाकला, त्यालाच! तो हिरोशिमातून वाचलेला आहे, हे वॉशिंग्टनच्या बागेत फारसं कुणाला ठाऊकही नव्हतं. २००१ मध्ये यामाकींचे नातू तो पाहायला आले, तेव्हा त्यांनी सांगितलं. आज तो झाला चारशे वर्षांचा, आणि अजून तिथंच आहे.

ही गोष्ट मी वर्गात सांगितली तेव्हा कधी नव्हे ती शांतता पसरली. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, चारशे वर्षं रोज पाणी कुणी घातलं?" मला वाटतं, त्या दिवसाचा सगळ्यात चांगला प्रश्न तोच होता. पाइनच्या बोन्सायला उन्हाळ्यात एक दिवसही विसरून चालत नाही. गावाला जायचं तर शेजाऱ्याला सांगून जावं लागतं.

पालकहो, मुलांना हा नाद लागलाच तर सुरुवात पाइनने करू नका. आपल्याकडे जुन्या भिंतींत, गच्चीच्या पाइपाशी पिंपळ, उंबर, नांदरुक आपोआप उगवतात. घरमालक ते काढून फेकणारच असतो. ते रोप घ्या. नांदरुकाचं पान लहान, मुळं दणकट, आणि कितीही छाटा, फुटतोच. हवाही त्याची आपलीच. आणि सुईसारखंच काही हवं असेल तर गुहागरचा तो सुरू आहे ना! बोन्सायला तो छान चालतो आणि त्याची रोपं रोपवाटिकेत मिळतात.

चिडाचं म्हणाल तर आमच्या वर्गात पुन्हा चीड आला आहे. सातारा जिल्ह्यात घरोघरी फौजेतली माणसं. एका मुलाचे वडील रानीखेतला आहेत. फेब्रुवारीत ते रजेवर आले, ते तिथल्या रोपवाटिकेतून चिडाच्या बियांची पुडी घेऊन. रात्रभर पाण्यात भिजवून वाळूमिश्रित मातीत वीस बिया पेरल्या. एका बीला एकेक पातळ पंख असतो, तो काढायला सगळ्यांची झुंबड. मार्चमध्ये अकरा उगवल्या. आता गंमत ऐका. आपण शिकतो ना, एकदल आणि द्विदल? चिडाचं रोप बीतून बाहेर आलं ते दहा-बारा दलं घेऊन, छत्री उघडावी तसं! पोरांनी मला फळ्यावर लिहिलेलं खोडायला लावलं.

अकरांतली सात उन्हाळ्याच्या सुट्टीत गेली. चार उरली आहेत. त्यांचं बोन्साय होईल की नाही ते ठरायला निदान पाच-सहा वर्षं लागतील, तोवर ही मुलं दहावीत असतील. त्यांनी आत्ताच भांडून ठरवलंय की पाचवीत जाताना कुंड्या पुढच्या चौथीच्या ताब्यात द्यायच्या, पण रविवारी पाणी घालायला आपणच यायचं. पाळ्यांचा तक्ता त्या रडणाऱ्या मुलीच्या धाकट्या बहिणीने लिहिलाय, लाल शाईने.